एक ओळ कोरी

रविवारी पावणेआठला वैतीकाकांकडून हॉलची किल्ली घ्यायची.
वाशी, सेक्टर सतरा, तळमजला,
भिंतीवर कालच्या बारशाचे फुगे.
फुगे आपणच काढायचे. असं नियमांत कुठे लिहिलेलं नाही,
पण डिपॉझिट परत हवं असेल तर काढायचे.

मग खुर्च्या. मांडते चाळीस, भरतात सव्वीस.
अकराला मल्याळी मंडळी दारात उभी,
गिटार, ड्रम, रिक्षातून उतरवलेला माईक,
तेव्हा आमच्या देवाने पावणेअकराला आवरतं घ्यायचं.

बाबा गेले आणि हे माझ्याकडे आलं:
खरखरणारा स्पीकर, चहाची किटली, एक वही.
मला चिनी वाचता येत नाही.
शाळा मराठी, हात बसला तो बाराखडीवर,
म्हणून सगळ्या प्रार्थना मी देवनागरीत उतरवून घेतल्या आहेत,
सूर चढतो तिथे पेन्सिलीची रेघ वर,
पडतो तिथे खाली.
मंडळी डोळे मिटते, मी वही वाचते.
एवढ्या वर्षांत कुणी एक डोळा उघडला नाही.
उघडला असेल तर बोललं नाही.

तळोज्याला मशीन बसवायला आलेला वेई म्हणतो फिंग-आन.
मलेशियाच्या लाउबाई, फिंग-ऑन.
आमच्या कोलकात्याकडच्या हक्का म्हाताऱ्या, फिन्-ऑन.
अक्षरं तीच दोन. अर्थ, शांती.
या शांतीपायी गेल्या दिवाळीला दोन महिने अबोला होता:
प्रवचन आधी कुणाच्या बोलीत?
मी चिठ्ठ्या टाकल्या. बाबांची बोली निघाली.
आता सांगते,
तिन्ही चिठ्ठ्यांवर तेच लिहिलं होतं.

मागच्या महिन्यात सोसायटीने यादी मागितली.
नाव, पत्ता, फोन, देश कुठला.
वैतीकाका ओशाळले, "तुझं नाही गं, तू तर आपलीच.
बाकीच्यांचं."
मी रेघा आखल्या, वही फिरवली.
फुङलान आंटीने पेनाला टोपण लावलं.
"यादीत नको."

नऊ वर्षांची होती. बासष्ट साल, थंडीचे दिवस.
शिलाँगहून गाडीत घातलं,
किती दिवस, तिला मोजता आले नाहीत,
स्टेशन आलं तरी दार उघडायचं नाही.
मग राजस्थान, तारेचं कुंपण,
रोज संध्याकाळी हजेरी. नावाची नाही, आकड्याची.
तो आकडा ती अजून हिंदीतच म्हणते,
कारण हिंदीतच पुकारायचे.
"गाव कुठलं?"
"देवळी."

माझ्या डोळ्यांपुढे आधी एक भिंत आली,
शिकवणीच्या बाईंच्या बेलापूरच्या घरातली,
कोनाडा, वर धरलेली काजळी.
मराठीत देवळी म्हणजे तेवढंच, दिव्यापुरती जागा.
तिला सांगणार होते.
जीभ उचलली नाही.

पंधराव्या ओळीत काही न लिहिता यादी दिली.
वैतीकाकांनी चष्मा खाली घेतला, बोट तिथेच थांबलं.
"ही?"
"मोजताना चुकले."
बराच वेळ शिक्क्यावर फुंकर घालत बसले.
"सिडकोच्या यादीत आमच्या आज्याचं नाव राहिलेलं," म्हणाले,
"भातशेती होती, इथेच, या पार्किंगच्या खाली.
तो राहून गेला म्हणून रडायचा.
माणसाचं काय सांगावं."
आणि शिक्का मारला, जरा तिरका.

या रविवारी किल्ली आंटीनेच आधी नेली होती.
मी पोचले तेव्हा ती स्टुलावर,
एकेक फुगा दोरा सोडून काढत होती, न फोडता.
मी स्टूल धरलं.
"किती झाले?" सवयीने विचारलं.
"मोजायचे कशाला," ती म्हणाली, "हवाच तर आहे."

आठ वाजायला आले होते.
खुर्च्या सगळ्या मांडायच्या राहिल्या होत्या.