शंभर बाय साठ

रशिया यंदा शंभर बाय साठ फुटांत बसवायचा आहे.
दाराची उंची अठरा. अग्निशमनवाल्यांना वाट दोन्हीकडून मोकळी.
नकाशा उलगडत कुंजुमोन म्हणाला,
गेल्या वर्षी चीन याहून लहान होता.

शारजा, औद्योगिक वसाहत दहा, सप्टेंबर.
दुपारच्या सुट्टीचा नियम उघड्यावर राबणाऱ्यांसाठी.
आमच्यावर पत्रा आहे.
पत्र्याखाली मी बैकल सरोवर रंगवतो,
गोठलेलं, बारा प्लायचं.
कपाळावरचा घाम बर्फावर पडतो
आणि तिथे बारीक भोक पडतं,
मासे धरायला पाडतात तसं.
ते मी राहू देतो.

सैबेरियाची गाडी साडेतीन फूट.
व्होल्गा उरलेल्या निळ्यात भागवली.
मग उत्तरेकडच्या बेटावरचं लाकडी देऊळ, कीझीचं,
बावीस घुमटांचं.
त्यापुढे टीप: रंग भरपूर. लोकांना फोटो हवेत.

रात्री बाबांचा फोन. सावंतवाडीत लाईट गेलेली.
"काय करतंस?"
"बरफ रंगवतंय."
"बरफाक रंग कित्याक रे?"
आणि हसता हसता खोकला.
जन्मभर त्यांनी पांगाऱ्याचे आंबे केले, केळी केली,
लाखेवर केवड्याचं पान फिरवून चकाकी आणली.
आमच्याकडे आलेला पाहुणा
खरं केळंसुद्धा आधी नखाने टोकरून बघायचा.

ऑक्टोबरात तैसिया आली, दुकान मांडायला.
शालींचे गठ्ठे, बाहुल्यांची खोकी, गुडघ्याला पट्टा.
घुमटांसमोर बराच वेळ उभी राहिली:
लाल, हिरवे, सोनेरी,
आइस्क्रीमच्या गाडीवर शोभतील असे.
मग मोबाइलमधली भाषांतरवाली बाई तिच्या वतीने बोलली:
या देवळाला रंग नसतो.
अस्पेनच्या ढलप्या असतात, पावसाने त्यांची चांदी होते.
आजोबा सांगायचे, एकही खिळा नाही.

मागे गुल जमान खिळे मारत होता
हवेच्या बंदुकीने, मिनिटाला चाळीस.
तो थांबला नाही.
त्याला त्या रात्रीत मोरोक्कोचं दार संपवायचं होतं.

बाहुल्यांची खोकी पाइनची निघाली,
फळीवर निळ्या शिक्क्यात मला न वाचता येणारं गाव.
दोन रात्री बसून मी त्या फळ्या चिरल्या,
बाबांच्या पटाशीने, जी बॅगेत
लोणच्याच्या बरणीच्याही आधी भरली होती.
बोटाएवढ्या ढलप्या, खवल्यांसारख्या एकीवर एक,
बाविसाव्या घुमटावर, पाठच्या,
जिथून एसीचा पाइप जातो
आणि कुणी फोटो काढत नाही.
खिळा मारला नाही. डिंक लावला.
डिंक म्हणजे लबाडीच, ठाऊक आहे.

तैसियाने हात फिरवला. काहीतरी म्हणाली.
भाषांतरवाली गप्प, नेट गेलेलं.
दुसऱ्या दिवशी काळा, आंबट पाव आणून दिला.
खोलीवर सहा जणांत वाटला,
कुंजुमोन म्हणाला, शिळा आहे, तरी दोनदा घेतला.

मेळा भरला. ठाण्याचं एक कुटुंब दारासमोर:
"भैया, थोडा साइड में."
मी शिडीसकट सरकलो.
"किती हुबेहूब ना?"
"तू कधी गेला होतास?"
दोघं हसली. माझंही तोंड उघडलं होतं,
मग शिडी होती हातात.

एप्रिलात सगळं उतरेल.
एकवीस घुमट पांढरे मारून तुर्कस्तानात जातील म्हणतात.
बाविसाव्याचं कुणी बोलत नाही.

आज पहाटे खाडीवरून धुकं आलं, गेटसुद्धा दिसेना.
पाठीमागे गेलो तर एक ढलपी सुटून पडलेली.
वर एसीचा पाइप, ठिपक, ठिपक,
नोव्हेंबरपासून त्याच जागी.
ढलपी उचलली. ओल्या कडेला
करडं काहीतरी चढलं होतं, अजून चांदी नव्हे.

बाबांना फोटो पाठवला.
दुपारी उत्तर आलं, शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेलं:
ह्येका रंग लावू नको हां.