दुपारची रात्र

पहिल्या भेटीत मी नेहमीसारखी
नमुन्यांची जाड वही उघडली.
मखमल, ताग, भंडाऱ्याचा कोसा,
गेरू, मोरपंखी,
संत्र्याच्या सालीच्या आतला तो पांढरा.
ढोमणे सिस्टर बघत राहिल्या
हात न लावता,
दुसऱ्या वॉर्डातल्या पेशंटचा कागद बघावा तशा.
मग म्हणाल्या,
‘बाई, मले दुपारी रात्र पायजे.’

चौतीस वर्षं मेडिकलला रात्रपाळी.
सकाळी नवाला घरी, अजनीत, पत्र्याखाली.
खिडकीच्या काचेला खळ लावून चिकटवलेला पेपर.
मे महिन्यात तो इतका पिवळा व्हायचा
की ऊन बातम्यांमधून गाळून
थेट पापणीवर यायचं.
‘उलट्या अक्षराच्या लय बातम्या वाचल्या म्यां.
आता पेन्शन आहे. आता झोपतो.’

बेसा, तिसरा मजला, पश्चिमेची खिडकी,
सत्तेचाळीस डिग्रीला थेट तोंड दिलेली.
मी कामाला लागले.
चंद्रपूरच्या सागाचा पलंग, कडा गोल घासलेल्या.
पायाखाली इतका मऊ गालिचा
की त्या दोन दिवस त्याला वळसा घालून चालल्या.
उन्हाळ्यात खिडकीबाहेर वाळ्याचा पडदा, वर बारीक भोकांचा नळ.
पावसाळ्यात तो उतरवायचा, नाहीतर कुबट वास धरतो.
तान्ह्या पोळ्यासाठी दारात एक कोनाडा:
त्यात त्यांनी स्वतःच आणून ठेवला
एका शिंगाचा लाकडी नंदी.
कुणाचा, हे मी विचारलं नाही.
मुलांच्या वॉर्डात त्या अकरा वर्षं होत्या.
थंडीसाठी जड रजई, पितळी परातीत आंबियाची संत्री.
‘थे सजवाले असतात का?’ म्हणाल्या
आणि एक सोलून
साल माझ्या नकाशावर ठेवली.

आणि पडदा.
गांधीबागेतल्या रऊफभाईंनी तीन पदर शिवले,
आत काळं अस्तर.
चष्म्यावरून विचारलं, फोटो धुणार आहेत का खोलीत?
एप्रिलच्या एका भर बाराला मी तो ओढला.
माझाच हात मला दिसेना.
अंधारात सिस्टर हसल्या,
त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आठ दिवसांनी फोन. ‘या एकदा.’
पलंग तसाच. चादरीचे कोपरे
दवाखान्यासारखे तंग दुमडलेले.
सिस्टर खुर्चीत, पाठ सरळ, पायात चपला.
‘लय चांगलं झालं, बाई, खोटं नाही बोलत.
पण अंधार झाला की मले डूटी लागते.
वाटते कोनीतरी बेल दाबल.
कोनाचं तरी सलाईन संपत आलं असन.’

मी खिडकीपाशी उभी राहिले.
वाळ्यातून थेंब गळत होते,
तेवढाच आवाज.

अस्तर उसवलं.
पाचपावलीत परात्यांच्या मागावर नवं सूत चढवलं.
पहिला तुकडा फार पांढरा,
दुसरा हळदीचा,
तिसरा जवळ होता, पण त्यात थोडी साय होती.
चौथ्याला सिस्टरांनी बोटात धरून
उजेडाकडे केलं,
आणि बोलल्या काहीच नाहीत,
फक्त चपला काढल्या.
परात्यांनी वहीत विचारलं, रंगाचं नाव काय लिहू?
म्हटलं, मे लिहा.

काळं अस्तर रऊफभाई परत घेईनात.
माझ्या स्कूटीवर आता त्याचं कव्हर आहे,
उन्हात तापतं भयंकर.
सिस्टरांकडे अजून अठरा हजार बाकी आहेत.
दोन ते पाच
मी त्यांना फोन करत नाही.