उत्तरेकडे तोंड

चिलोएत वादळ उत्तरेकडून येतं.
भर दुपारचा सूर्यही उत्तरेलाच.
पाहुणा आणि चोर एकाच दारानं.

म्हणून बेटावरच्या सगळ्या जुन्या शेड
उत्तरेला पाठ करून बसलेल्या,
आणि बाउदिलिओ नाउएल्किन यांनी
बासष्ट वर्षांत एकीचंही तोंड फिरवलेलं नाही.

त्यांच्या बोटींच्या कारखान्यात, भुशावर,
मी कागद पसरला,
चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवून.
एकपाखी छप्पर.
दक्षिणेची भिंत उंच, उत्तरेची बुटकी.
उतार पंचेचाळीस अंश,
कारण उन्हाळ्याची मला चिंता नाही;
जूनमधलं ते आजारी ऊन,
डोंगरापाशी रांगणारं,
ते मला पडल्या पडल्या उचलायचंय.
तिसऱ्यांचा फ्रीझर त्यावर चालायचाय.

त्यांनी कागद उलटा धरून पाहिला.
"शेड सांगितलीस, शीड काढलंस," म्हणाले,
आणि पेन्सिल परत कानावर.

मग मी एक पॅनेलच नेलं,
फेरीबोटीवर, ब्लँकेटात गुंडाळून,
आणि अर्धवट बोटीला टेकवून ठेवलं.
दोन दिवस ते त्याच्याकडे न बघता रंधा मारत राहिले.
तिसऱ्या दिवशी वितीनं मोजलं:
आठ वीत लांब, पाच वीत रुंद.

"आधी ही मोजायची, मग वासे," मी म्हटलं.
"एरवी वासे एकीकडे, पाय दुसरीकडे,
आणि स्क्रू नुसत्या पत्र्यात.
प्रत्येक पाय लाकडात उतरला पाहिजे."

"बरगड्या," ते म्हणाले.
इतकंच.
पण त्या दुपारी खडूनं जमिनीवर
पाच-पाच वितींवर रेघा पडल्या.

उतार मात्र त्यांनी दहा अंशांनी खाली पाडला.
"वादळात मेंढी कशी उभी राहते? डोकं खाली."
मी हिशेब केला:
हिवाळ्यातल्या शंभरातले आठ जातील.
दिले.

कडेला वीतभर पत्रा उघडा सोडला,
वारा नेहमी कडेलाच बोट घालतो म्हणून.
पॅनेलखाली चार बोटं मोकळी हवा.
उंच भिंतीच्या वाशांना लोखंडी पट्ट्या,
पट्ट्या खाली दगडात पुरलेल्या;
बोट नांगरतात तशी
शेड नांगरली.

रस्त्यावरून जाताना ओर्फेलिना बार्रिया थांबल्या.
"रस्त्याकडे पाठ करून बसलीये की ही,
रुसल्यासारखी."
कुणीच उत्तर दिलं नाही. आमची तोंडं खिळ्यांनी भरलेली.

जूनच्या अकरा तारखेला ते आलं.
रात्रभर.
शेजारच्या कोंबड्यांचं खुराडं कुंपण ओलांडून गेलं
आणि तिथेच राहिलं.
मी कंदील घेऊन वाशाखाली बसले होते,
आणि प्रत्येक झोत
बुटक्या भिंतीवर चढून, पाखं चढून,
पलीकडे उतरून जात होता,
जिना माहीत असलेल्या माणसासारखा.

सकाळी बाउदिलिओ आले.
मीटरवरचा आकडा मी दाखवला,
ढगांतूनही आलेला, छोटासा.
त्यांनी पाहिला नाही.
प्रत्येक वाशाला कान लावत गेले
एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत,
आणि चौथ्याशी थांबले.
वर बोट केलं.

एक थेंब.
मग बऱ्याच वेळानं दुसरा.

ते भोक मी पाडलेलं होतं.
त्यांना ठाऊक होतं.
कानावरची पेन्सिल काढून
त्यांनी त्याभोवती
नीट, गोल, वर्तुळ काढलं.