उलटा झेंडा

नझीहमामाला तो देश तीनदा नाही म्हणाला.
पहिल्यांदा कागद कमी पडले,
दुसऱ्यांदा पैसे,
तिसऱ्यांदा कारणसुद्धा नव्हतं, नुसता शिक्का.
आणि दर चार वर्षांनी, वर्ल्डकप जवळ आला
की मामा स्टुलावर चढतो
आणि गॅलरीच्या वरच्या तारेला
त्याच देशाचा झेंडा बांधतो.

झेंडा घरचा आहे. शिंप्याच्या घरात विकतचा कसा येईल?
काळा पट्टा इन्साफमामीच्या झग्याचा,
तिचा बाप गेला तेव्हा वर्षभर घातलेला.
लाल, दिवाणखान्यातला पडदा.
पिवळं काही सापडेना, तेव्हा भाचीचा फ्रॉक गेला.

ती भाची मी.
सात वर्षांची होते, आणि त्या दिवसापासून ब्राझीलची.
त्या मैदानात अकरा जण
माझा रंग घालून पळत होते.
माझ्याकडे एवढंच कारण आहे.

खालच्या फव्वाझकडे तेवढंही नाही.
त्याचा आजा साओ पावलोला चाळीस वर्षं राहून परत आला
तो एक कॉफीची चक्की आणि पोर्तुगीज शिव्या घेऊन.
चक्की मोडली. शिव्या अजून वापरात आहेत.
गल्लीचा जनरेटर फव्वाझचा,
आणि ब्राझीलवर दुसरा गोल चढला
की तो हमखास बिघडतो.
अंधारात मामा ओरडतो, अरे हरलास तरी दिवा लाव!

हे सगळं रस्त्याच्या अलीकडे.
पलीकडे आम्ही जात नव्हतो.
दोन्हीकडच्या भिंतींना देवीचे वण असावेत तशी भोकं,
काही बुजवलेली, काहींत चिमण्या.
पलीकडेही झेंडे लागतात. काळा-लाल-पिवळा, हिरवा-पिवळा,
एक कुणी वेडा जपानचासुद्धा.
मामा पहिल्यांदा बघून गप्पच झाला.
मग म्हणाला, म्हणजे त्यांच्यातही आपले आहेत.

त्यांच्याकडे डिश आहे, आमच्याकडे केबल.
चित्र आमच्यापर्यंत चार सेकंद उशिरा पोचतं.
आमच्या पडद्यावर चेंडू अजून कोपऱ्यात असतो,
कुणाचा पाय लागायचा असतो,
आणि पलीकडून आरोळी उठते.
आमचा गोल आम्हाला आधी
त्यांच्या तोंडून कळतो.
मामा तरीही चार सेकंद थांबतो,
डोळ्यांनी बघितल्याशिवाय ओरडत नाही.
शिंपी आहे, दोनदा मापल्याशिवाय कात्री लावत नाही.

आपला संघही खेळतो, नाही असं नाही.
पण आपला म्हटलं की कुणीतरी विचारतंच, कुणाचा?
गोलकीपरचं आडनाव ऐकलं
की त्याचं गाव कळतं, गावावरून पक्ष,
पक्षावरून युद्धात त्याचा काका कुठल्या गच्चीवर होता तेही.
जर्मनीच्या अकरा जणांची आडनावं
मामा एका दमात म्हणतो,
आणि त्यातलं एकही आडनाव
त्याला काही सांगत नाही.
त्यांचे काका कुठे होते, आम्हाला काय माहीत.
नव्वद मिनिटं ती माणसं नुसती पळतात.

गेल्या खेपेला रवान आली, स्टुटगार्टहून,
मामाची मुलगी, जिला पहिल्याच अर्जाला हो मिळालं.
टॅक्सीतून उतरली, वर बघितलं आणि हसत सुटली.
बाबा, पट्टे उलटे आहेत!
काळा वर हवा, पिवळा खाली.

वीस वर्षं.
पाच वर्ल्डकप, त्यातला एक जिंकलेला.
गल्लीतल्या कुणालाच कळलं नव्हतं,
पलीकडच्यांनाही नाही.
इन्साफमामी म्हणाली, उतरवा, चार टाके मारून देते.
मामा बराच वेळ मान वर करून उभा राहिला,
चश्मा कपाळावर, ओठांत एक टाचणी.
मग म्हणाला, राहू दे.
त्यांनी कुठे बघितलाय?

मी कॉफी गाळत होते.
फव्वाझ जिन्यातून दात काढत होता,
आता तुमच्या देशाचं नाव काय, विचारत होता.
मी मात्र पहिल्यांदाच त्या झेंड्याकडे नीट पाहिलं.
सगळ्यात वर, वाऱ्यावर,
खिशाच्या शिवणीची भोकं अजून दिसत असलेला,
इतकी वर्षं
माझा फ्रॉक होता.