चार बोटं सैल

एल्वीराबाई म्हणाल्या, गाडीला काही झालेलं नाही.
ब्वेनोस आयरेसहून मुलगा आला होता,
त्याने चालवली, आणि घाबरला.

फाल्कन. चौऱ्याहत्तरची. रंग कधीकाळी निळा.
इंजिन बंद, चाकं नाकासमोर.
दोन बोटांनी स्टिअरिंग ढकललं, डावीकडे, उजवीकडे:
चार बोटं जाईपर्यंत
खाली कुणाला पत्ताच नाही.

मग बाईंनाच आत बसवलं. हलवत राहा, म्हटलं,
अंधारात कुलपात किल्ली चाचपतात तेवढंच.
आणि पुठ्ठा अंथरून मी गाडीखाली शिरलो.

टाय-रॉडच्या टोकावर तळहात ठेवला: गप्प.
आयडलर आर्मच्या बुशात टकटक,
दुखत नसलेल्या, पण हलणाऱ्या दातासारखी.
बॉक्सचे बोल्ट घट्ट.
बॉक्समध्ये जाणारा दांडा मात्र फिरतो
आणि बाहेरचा हात थांबून राहतो,
हाक दुसऱ्या कुणाला मारली असावी तसा,
मग निघतो.

वरून बाईंचा आवाज: किती वर्षं असेल हे?
काय सांगणार. झीज तारीख टाकून येत नाही.

बुश बदललं. लॉकनट सोडला,
स्क्रू आत घेतला, पाव फेरा.
तपासलं. आणखी किंचित.
इथे हाव नडते.
पुरता आवळला तर वळलेलं चाक परत येत नाही,
आतले दाते एकमेकांना खातात.
बोटभर मोकळीक ठेवायचीच.
म्हाताऱ्या नाउएलकिरने मला हे शिकवताना
कारण दिलं नव्हतं, हातावर पाना मारला होता.

संध्याकाळी बाई गाडी घेऊन गेल्या.
वीस मिनिटांत परत.
ही प्यायलीय, म्हणाल्या.

शेजारी बसलो. उत्तरेचा सरळ रस्ता,
डाव्या दाराला खांदा लावून पश्चिमेचा वारा,
आणि बाईंचे हात
अकरा वर्षं चार बोटं उसनी देत आलेले,
अजून देतच होते.
गाडी आता सगळी घेत होती
आणि खडीवर उतरत होती.
दोघींचा जुना करार
मी न विचारता मोडला होता.

पूर्वीसारखी करून द्या.
नाही, म्हटलं.
पैसे काढले.
नाही.

एक हात मांडीवर ठेवा. दुसरा चाकाच्या तळाशी, नुसता.
काही करू नका.
एकोणतीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला
काही न करणं किती जड जातं
ते मला त्या दिवशी दिसलं.

गाडी गेली. एक किलोमीटर. दीड.
कुंपणापाशी ग्वानाको उभा होता, उडी मारावी की नाही अशा बेतात.
बाईंनी बोटभर वळवलं.
ऐकते की, म्हणाल्या.

उतरताना माझी बाही धरली:
मुलाला कळवू नका.
तो आला की मी सैलच चालवणार.
घाबरला की अजून नऊ वर्षांचा दिसतो.