चौथं

पाइप्सी सरोवराकाठी, एस्टोनियात,
माइमू पहाटे कॉफीआधी टॅब्लेट उघडते.
काळ्या करकोच्याचं घरटं. चार पिल्लं.
कोपऱ्यात आकडा: आत्ता अकरा हजार लोक बघताहेत.

चौथं अशक्त. बाकीची त्याला तुडवून घास घेतात.
ओसाकाहून, लिमाहून माणसं विनवतात,
कुणीतरी जा रे, मासा घाला त्याच्या चोचीत.
वनरक्षक एन्डेल दारातूनच सांगून गेला,
"आपण फक्त बघायचं, माइमू. शिडी लावायची नाही."
मग कॅमेरा लावताना शिडी कुणाची होती,
हे तिनं विचारलं नाही.

शनिवारच्या वादळात तारा तुटल्या,
कॅमेराही गेला.
दोन दिवस ती खोलीत येरझाऱ्या घालत राहिली,
लेकरू परगावी तापानं फणफणलेलं असावं तशी.
तिसऱ्या दिवशी बूट चढवले.
ते ओकचं झाड तिच्या कुंपणापासून चाळीस मिनिटांवर.
एवढ्या वर्षांत ती गेलीच नव्हती.

वर काही दिसेना. काटक्यांचा नुसता काळा गोळा.
खाली पांढरी शीट, कुजक्या माशांचा भपकारा,
डास, डास,
आणि शेवाळात, मुंग्या लागलेलं
चौथं.
ते मूठभर असेल असं तिला कायम वाटायचं.
चांगलं कोंबडीएवढं होतं.

वीज आली. कॅमेराही जागा झाला.
आकडा चौदा हजार.
"चौथं कुठाय?" जो तो विचारत होता.
माइमूनं नखांतली माती पाहिली,
आणि काहीच टाइप केलं नाही.