कालवं

मार्व्याच्या धक्क्यावर तर अजून लागायची होती.
कुमुदनं चपला काढून पिशवीत ठेवल्या,
म्हणाली, या खेपेला काही बघायचं नाही.
बरं, म्हटलं.
बघायचं ते पहिल्या दोन खेपांत उरकलंय,
त्याचे फोटो आहेत घरी,
प्रत्येकात आमच्या मधोमध कुणीतरी अनोळखी माणूस.

पलीकडे मनोरी. मध्ये खाडी, विडा चघळून होईल एवढीच.
मोटारसायकली आधी चढल्या, मग कोंबड्यांची टोपली, मग आम्ही.
तिवरांच्या चिखलात बगळा
कुणाच्या तरी साहेबासारखा उभा.

मी सदतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली.
दारं उचलायची, पट्टी वाचायची,
कुणाची पाळी, कुणाची चोरी, वहीत मांडायचं.
आमच्या लातुराकडचं पाणी एकाच दिशेनं जातं
आणि बहुतेक वर्षी पोचत नाही.
म्हणून पहिल्यांदा इथं आलो तेव्हा
सकाळी आत गेलेली खाडी दुपारी परत निघालेली बघून
मला वाटलं, कुणीतरी गेट चुकीचं उघडलं.

त्याच दिवशी इव्हेट, तेव्हा दोन वेण्यांची,
उंबऱ्यावरून म्हणाली होती,
आई कालवं काढायला गेलीय.
मी विचारलं, रोजगार हमीवर का?
संध्याकाळी आई परतली तीच मुळी
ओच्यात शिंपल्यांचा खडखडाट घेऊन.
कुमुद अजून सांगते ही गोष्ट, पाहुण्यांना, चहाबरोबर,
दर वेळी एक वाक्य वाढवून.
हल्ली तिच्यात मी कालव्याची लांबीही विचारतो.
विचारली नव्हती.

खोली तीच. खिडकीला जाळी नवी.
इव्हेटच्या केसांत पांढरं, नाकावर चष्मा,
ताटलीत गरम फुगे, आणि आंबट वास ताडीचा.
आई ओट्यावर. गुडघे गेले, खडकावर जाता येत नाही,
पण समुद्राकडे पाठ करून बसते आणि सांगते,
आता ओहोटी लागली. आता थांबली.
मी घड्याळात पाहतो.
एवढी पट्टी मला कधी वाचता आली नाही.

दुपारभर झोपलो.
उठून पुन्हा थोडं झोपलो.
संध्याकाळी इव्हेटच्या मागून खडकांवर गेलो,
कुमुदनं छिन्नी मागून घेतली, साडी खोचली,
अर्ध्या तासात एक कालव सुटलं,
तेही फुटकं.
ते तिनं तळहातावर धरून मला दाखवलं,
हे बघा तुमचं खातं.
थेंबभर खारं पाणी, त्यात करडं काहीतरी, जिवंत.
मी पुढचे प्रश्न विचारले नाहीत.

येताना तिचा हात धरला, शेवाळ होतं म्हणून.
शेवाळ संपलं तरी कुणी सोडला नाही,
मग रस्त्यावर पोरं दिसली तेव्हा सोडला.

रात्री दोनला जाग आली, सवयीनं.
बाहेर पाणी सुटल्याचा आवाज.
उशाशी बॅटरी चाचपत, झोपेतच म्हणालो,
कुणाची पाळी आहे?
आपलीच, म्हणाली कुमुद,
आणि पांघरूण सगळं तिच्याकडे ओढून घेतलं.